आज कुठे हरलो?

सर जिंकल्यावर रागवायचे.

पहिल्या वर्षाला असताना मी हे घरी सांगितलं, तेव्हा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की मी उलटं बोलून गेले. "हारल्यावर रागवस, असं म्हन," ते म्हणाले. मी म्हटलं, नाही, हरल्यावर ते आम्हाला जिलबी खाऊ घालतात. आप्पांनी बैलांपुढे कडबा टाकता टाकता थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग तुना सर डोकातून गयेल शे."

मला तेव्हा हो म्हणता आलं नाही आणि नाहीही म्हणता आलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोणता मास्तर शहाणा आणि कोणता वेडा हे ठरवायला माझ्याकडे मापच नव्हतं. पुढे माप आलं असं वाटलं, तोवर सर कॉलेजातून गेले होते.

सर धुळ्याला, देवपूरमधल्या आमच्या कॉलेजात खेळ शिकवायचे. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये संस्था पुन्हा बोलावते की नाही याची वाट पाहणाऱ्यांपैकी. घर जळगावला. आठवडाभर देवपुरात एका खोलीत राहायचे आणि रविवारी एसटीने घरी जायचे. कॉलेजात मुलांचं क्रिकेट होतं, कबड्डी होती, त्यांना नवे कपडे मिळायचे. सरांनी मागून घेतलं ते मुलींचं फुटबॉल. आमची कॅप्टन ज्योतीताई हिने एकदा त्यांना कारण विचारलं, तर म्हणाले, "ते कुणाला नको होतं. नको असलेल्या गोष्टीत कुणी लुडबुड करत नाही."

दिसायला ते खेळाचे सर वाटतच नसत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पायात ऑफिसात घालतात तसे काळे बूट. उन्हाळ्यात खिशात कांदा. कांदा आमच्याकडे सगळेच ठेवतात, ऊन लागू नये म्हणून, पण सरांचा कांदा पावसाळा संपला तरी खिशातच असायचा आणि कधीकधी त्याला कोंब फुटलेला असायचा. गळ्यात शिट्टी होती. ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. "शिट्टी वाजली की तुम्ही गप्प उभ्या राहता," ते म्हणायचे. "गप्प उभं राहायला तुम्हाला घरी शिकवलंय. ते मी पुन्हा कशाला शिकवू?"

माझी निवड त्यांनी केली ती तर कुणाला सांगायची मला लाज वाटायची. पहिल्या वर्षाच्या वर्गात ते आले आणि खेड्यातून येणाऱ्या मुलींना म्हणाले, मैदानावर चला. तिथे आम्हाला रांगेत उभं केलं आणि विचारलं, "ज्वारीवर पाखरं बसली तर कशी हाकलता? करून दाखवा." मुली हसायला लागल्या. कुणी ओढणी तोंडाला लावली. मी पारोळ्याजवळच्या खेड्यातली, लहानपणापासून हेच केलेलं, त्यामुळे मला वाटलं सर विचारताहेत तर करायला पाहिजे. मी दोन्ही हात वर करून जोरात हाकारा घातला. कॉलेजच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. नरडाण्याची सुमन माझ्या शेजारी होती. तिने तर असा आवाज काढला की मैदानाच्या कडेच्या निंबावरची पाखरं खरोखरच उडाली. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "गोलकीपर." माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मागे डावीकडे." आम्ही दोघींनी तोपर्यंत फुटबॉलला पाय लावला नव्हता.

आमचा संघ चांगला होता. बढाई म्हणून लिहीत नाही. धुळे जिल्ह्यातली कॉलेजं आम्हाला जड जात नव्हती. पण विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही सेमीफायनलला जायचो आणि तिथे हरायचो. माझ्या आधीही असंच होतं. सगळे म्हणायचे, चांगल्या खेळल्या. प्राचार्य म्हणायचे, पेपरात यायचं. सरांना ‘चांगल्या’ हा शब्द ऐकवत नसे.

"तुम्ही चांगल्या आहात, हाच तर रोग आहे," ते म्हणायचे. "वाईट संघाला औषध देता येतं. चांगला संघ औषध घेत नाही. त्याला वाटतं, थोडं नशीब पाहिजे."

म्हणून सामना जिंकला की ते आम्हाला मैदानातच गोल बसवायचे. बाकीच्या कॉलेजच्या मुली फोटो काढत असायच्या आणि आम्ही मातीत बसून. सर मधे उभे राहून विचारायचे, "आज कुठे हरलो?" प्रत्येकीने एक चूक सांगायची, आणि ती दुसरीची सांगायची, नाव घेऊन, तिच्या तोंडावर. स्वतःची सांगितलेली चालायची नाही. "स्वतःची चूक सांगितली की माणूस मोठा दिसतो," ते म्हणायचे. "ते सोपं आहे. दुसरीची सांगा."

पहिल्या वेळी माझी पाळी आली तेव्हा मी रडले. चूक ज्योतीताईची होती हे मला दिसलं होतं. पण ती तिसऱ्या वर्षाला होती, होस्टेलात तिने मला पांघरूण दिलं होतं, माझा ताप तिने काढला होता. मी तिचं नाव घेऊन काय बोलणार? सर वाट बघत उभे राहिले. शेवटी त्यांच्यातला शिकलेला माणूस संपला आणि खेड्यातला बोलला, "बोल ना वं! तोंडमा गूळ धरेल शे का?"

सगळ्या हसल्या. ज्योतीताईसुद्धा हसली आणि म्हणाली, "सांग गं, खाणार नाहीये मी तुला." तरी मी बोलले नाही.

त्या वर्षीची सेमीफायनल आम्ही कशी हरलो, ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. सामना संपत आला होता, बरोबरी होती. उंच चेंडू आमच्या गोलकडे आला. त्याच्याखाली ज्योतीताई होती आणि तिच्या मागून सुमन पुढे येत होती. चेंडू सुमनचा होता. तिने "सोड" एवढंच म्हणायचं होतं, ज्योतीताई बाजूला झाली असती आणि सुमनने तो हातात घेतला असता. सुमन ओरडली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ती ओरडली, "ताई! ताई!" ज्योतीताईला वाटलं, मार म्हणते आहे. तिने डोक्याने मारला, आणि चेंडू पुढे आलेल्या सुमनच्या डोक्यावरून आमच्याच जाळीत गेला.

सरांनी जिलबी आणली. आम्ही बसस्टँडवर बसून खाल्ली. सुमन खात नव्हती. सर तिच्याजवळ उकिडवे बसले.

"तू काय म्हणालीस?"

"ताई म्हटलं सर."

"ताई म्हणजे काय? सोड की मार?"

"सर, मी कसं म्हणू सोड? त्या मोठ्या आहेत."

सरांनी पाकाने चिकट झालेली बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "पाखरं मोठी की लहान हे बघून हाकलतेस का?"

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचा कायदा निघाला. मैदानाच्या रेषेच्या आत ताई नाही, अक्का नाही. ज्योतीताई म्हणजे ज्यो. सुमन म्हणजे सुम. एकेरीत बोलायचं, एका शब्दात बोलायचं. जी ताई म्हणेल ती मैदानाला फेरी मारेल. सरांना सर म्हणायचं नाही, कोच म्हणायचं. हे शेवटचं कुणालाच जमलं नाही, आणि त्यासाठी आम्ही इतक्या फेऱ्या मारल्या की सरांनीच ते कलम मागे घेतलं.

बाकीचं हळूहळू जमलं. आधी फार गंमत व्हायची. सुमन मैदानात ओरडायची, "ज्यो, सोड! आंधळी आहेस का?" आणि सराव संपला की रेषेबाहेर येऊन ज्योतीताईची बॅग स्वतःच्या खांद्यावर घ्यायची, होस्टेलपर्यंत. माफी मागायला सरांनी मनाई केली होती, म्हणून ती अशी मागायची. ज्योतीताई म्हणायची, "मला शिव्या दे बाई रोज, माझी पाठ तरी दुखत नाही."

एकदा आप्पा मला भेटायला आले, घरच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन. सराव चालू होता. ते रेषेबाहेर डबा मांडीवर घेऊन बसले. नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तू एवढी मोठी पोरीसले नाव लीसन हाका मारस?" मी म्हटलं, सरांनी सांगितलंय. आप्पांनी सरांकडे पाहिलं. सर शेंगा मांडून मुलींना समजावत होते. ही त्यांची नेहमीची पद्धत. भुईमुगाच्या शेंगा जमिनीवर मांडायचे, या आपल्या, या त्यांच्या. आणि त्यांच्या संघातली एखादी मुलगी आपण कशी अडवायची हे सांगून झालं की ती शेंग उचलून फोडायचे आणि खायचे. आप्पांनी त्यांना समोरच्यांची एक खेळाडू खाताना पाहिलं. जाताना सरांना नमस्कार केला आणि उरलेलं भरीत त्यांना दिलं.

सरांचं आणखी एक म्हणणं होतं. चांगल्या संघाकडे अकरा मुली चांगल्या असतात, जिंकणाऱ्या संघाची तेरावीही चांगली असते. मी बराच काळ तेरावीच होते. माझ्यावर ते पहिल्या अकराजणींपेक्षा जास्त मेहनत घ्यायचे. भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारायला लावायचे, अंधार पडेपर्यंत. मी विचारलं, सर, मला खेळवणार तर नाही ना? "नाही," ते म्हणाले. "पण तुला खेळवायची भीती मला वाटायला नको." यात मला दिलासा वाटावा असं काही नव्हतं, तरी वाटला.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आबा मैदानावर आले. आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पांढरा सदरा, कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा, आवाज प्रेमळ. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे नीट लिहायला पाहिजे. होस्टेलच्या मुलींना त्यांनी गिझर लावून दिला होता, पोरींनी थंड पाण्याने अंघोळ करू नये म्हणून. त्यांनी मैदान बघितलं, बरोबरच्या इंजिनिअरला काहीतरी दाखवलं, आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की इथे फार्मसीची इमारत बांधायची आहे. क्रिकेटची मुलं दुसरीकडे जातील. मुलींच्या फुटबॉलचं बंद करावं लागेल. मग सरांचा चेहरा बघून हसून म्हणाले, "यंदा कप आन. कप दिसी गया ते मी ट्रस्टींसले सांगसू, मैदान राहू द्या."

सरांनी त्याच संध्याकाळी आम्हाला गोल बसवलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. कप आला तर संघ राहील, नाही आला तर नाही. ज्योतीताईने विचारलं, "सर, तुम्ही आबांना सांगा ना, की एका वर्षात असं होत नसतं." ज्योतीताई तेव्हा एम.ए.ला प्रवेश घेऊन खेळायला थांबली होती.

"मी गेलो होतो आत्ता त्यांच्याकडे," सर म्हणाले.

"मग?"

"त्यांनी चहा दिला. मी प्यालो."

आम्हाला वाटलं ते गंमत करताहेत. पण नंतर एकदा ऑफिसात मी त्यांना आबांसमोर बसलेलं पाहिलं. खुर्चीच्या अगदी कडेवर, पाठ न टेकता, हात गुडघ्यांवर. दोघे एकाच गावचे. सरांचे वडील आबांच्या वडिलांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. सरांचं शिक्षण त्या घराच्या आधाराने झालं, ही नोकरीही. आबा त्यांना अरे-तुरे करायचे आणि सर त्यांच्याशी बोलताना नजर त्यांच्या सदऱ्याच्या बटणावर ठेवायचे.

त्या वर्षी आम्ही खरोखर सुधारलो. मला खेळातलं फार कळतं असं नाही, पण हे कळत होतं. आधी एक गोल झाला की आम्ही मागे मागे सरकायचो, झालेलं सांभाळत. आता ज्योतीताई ओरडायची, "वर व्हा! वर!" आणि आम्ही वर जायचो. आधी कुणी दमली तर लपवायची. आता स्वतः हात वर करायची, आणि तेरावी आत यायची. आमच्या मैदानात इतका गोंगाट असायचा की लायब्ररीतून तक्रार आली. सरांनी ती तक्रार आम्हाला वाचून दाखवली, प्रमाणपत्र वाचावं तशी. सेमीफायनलला उंच चेंडू आला, सुमन ओरडली, "सोड!" आणि ज्योतीताई इतक्या झटक्यात खाली वाकली की आम्ही सामना सोडून हसलो. मी तेव्हा पहिल्या अकरात होते. आम्ही जिंकलो. सरांनी गोल बसवलं आणि विचारलं. मी ज्योतीताईकडे बोट करून म्हटलं, "ज्यो फार लवकर जागा सोडते. मला मदत करायला येते आणि मधे खिंडार पडतं."

ज्योतीताई म्हणाली, "खरंय."

सरांनी तोंड फिरवलं आणि उगाच बुटाची लेस बांधू लागले.

फायनल जळगावला होती. ऑक्टोबरचं ऊन, मैदानात गवत नव्हतं. आम्ही लवकरच गोल केला आणि पुढे होतो. हाफटाइमला थोडा वेळ राहिला असताना समोरच्यांनी एक नवी मुलगी आत आणली, अकरा नंबर, माझ्याच बाजूला. बारीक, फार वेगवान. दोनदा ती मला मागे टाकून रेषेजवळून निघून गेली. एकदा सुमनने वाचवलं, एकदा चेंडू दांड्याला लागला. तरी शिट्टी झाली तेव्हा मी घाबरले नव्हते. मला माहीत होतं की आता आपण सरांकडे जाऊ, ते शेंगा मांडतील, आणि काय करायचं ते सांगतील. तोपर्यंत प्रत्येक हाफटाइमला असंच झालं होतं. सर आमच्याकडे जवळजवळ पळत येत होते. त्यांच्या मुठीत शेंगा होत्या.

तेवढ्यात आबांच्या गाड्या मैदानात आल्या.

ते धुळ्याहून खास आले होते, ट्रस्टींना घेऊन. पोरी फायनलला आहेत आणि पुढे आहेत हे त्यांना वाटेतच फोनवर कळलं होतं. शाली होत्या, नारळ होते, प्रत्येकीसाठी गुलाबाचा गुच्छ. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं सांगत नाही. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. संस्थेतल्या मॅडमनी प्रत्येकीला कुंकू लावलं. फोटोग्राफर म्हणाला, नारळ वर धरा. मग आबा दोन शब्द बोलले.

सर आबांच्या शेजारी उभे होते. त्या उन्हात त्यांच्या खांद्यावर जाड शाल होती आणि हात जोडलेले. जोडलेल्या हातांत शेंगा तशाच होत्या. ज्योतीताईने रांगेतून मान पुढे काढली, "सर, त्या अकरा नंबरचं..." आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "वाघीण शे माझी!" सरांनी तोंड उघडलं. मी समोर होते, मला दिसलं. ते आबांकडे वळले आणि म्हणाले, "आबा, जरा..."

"हा, बोल ना रे, तू बी बोल दोन शब्द," आबा म्हणाले आणि माइक त्यांच्यापुढे धरला.

सरांनी माइकमध्ये संस्थेचे आभार मानले.

पंचांनी शिट्टी वाजवली. आम्ही नारळ कुठे ठेवायचे ते शोधत होतो.

दुसऱ्या भागात आबांनी सरांना पाहुण्यांच्या मांडवात आपल्याजवळ बसवून घेतलं. ते एकदा अर्धे उठले. मी त्या बाजूला होते म्हणून ऐकू आलं. "बस रे. कशाले पळी ऱ्हायना? चांगल्या खेळी ऱ्हायनात ना पोरी!" आबांनी त्यांचा हात धरला होता. सर खुर्चीच्या कडेवर बसले.

आम्ही बोललो नाही असं नाही. आम्ही खूप बोललो. इतकं आम्ही कधीच बोललो नव्हतो. घामाबरोबर कुंकू डोळ्यांत उतरत होतं, ते पुसत पुसत आम्ही एकमेकींना ओरडत होतो. "मागे ये! वर जा! सोड!" पण ती अकरा नंबर काय करते आहे, हे आम्हाला आतून दिसत नव्हतं. मी जोरात पळायचे, ती त्याहून जोरात. ज्योतीताईला मी म्हटलं, "ज्यो, येऊ नको!" ती आली नाही. पुन्हा ती मुलगी मला टाकून गेली, आणि गोल झाला. मग ज्योतीताई यायला लागली. काय करणार होती? मधली जागा मोकळी पडली आणि त्यांच्या दुसऱ्या मुलीने तिथूनच दुसरा गोल केला. शेवटी आमच्या तिघी वर गेल्या, तेरावीही खेळली. चेंडू जाळीत गेला नाही.

आबांनी सगळ्यांना जेवायला नेलं. हार-जीत होतच असते, म्हणाले, आणि स्वतः वाढलं. सर पंगतीत बसले होते. त्यांनी त्या दिवशी जिलबी आणली नाही, आणि जेवणात जिलबी होती ती खाल्ली नाही.

डिसेंबरात बांधकामासाठी मैदानाभोवती पत्रे लागले. जूनमध्ये सरांना बोलावणं आलं नाही. त्यात आबांचा राग होता असं मला वाटत नाही. मैदान नव्हतं, मग खेळाच्या तासिका कशाच्या द्यायच्या? सुमनच्या घरच्यांना कळलं की आता फुटबॉल नाही, तसं त्यांनी तिचं लग्न ठरवलं. ज्योतीताई नरडाण्याला एका कंपनीत लागली, एम.ए. अर्धं राहिलं. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वर्गाच्या खिडकीतून पूर्वी गोलचा खांब दिसायचा, आता जिना दिसतो.

या वर्षी दिवाळीनंतर मी जळगावला सरांकडे गेले. ते एका शाळेत पी.टी. शिकवतात, मुलींना रांगेत चालायला लावतात. त्यांच्या पत्नी, काकू, कौतुकाने सांगत होत्या की यांच्या रांगा इतक्या शांत असतात, की पाहुणे आले की यांच्याच वर्गाची कवायत ठेवतात. सर मोबाइलवर कुठला तरी सामना बघत होते, आवाज बंद करून. केस पांढरे झाले होते. मला त्यांनी कॉलेजचं काही विचारलं नाही. पाणी झालं, चहा झाला, माझ्या परीक्षेचं झालं. मग त्यांनी मोबाइल उपडा ठेवला.

"ती अकरा नंबर आठवते?"

मी हो म्हटलं.

"तिला एकच येत होतं. बाहेरून, रेषेकडून जायचं. आत वळता येत नव्हतं तिला, पाय अडकायचा. तू रेषेवर उभी राहायला पाहिजे होतीस. मग ती आत आली असती, आणि आत ज्योती होती. ज्योतीने जागा सोडायची नव्हती." ते थांबले. "एवढंच सांगायचं होतं."

मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल. मी मनात ते मैदान मांडून बघितलं. रेषेवर मी, आत ज्योतीताई, मधे ती बारीक मुलगी, जायला जागा नसलेली.

"सांगितलं असतं तर?" सरांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत होतं, हार-जीत होतच असते. आबा म्हणाले होते, आप्पा म्हणाले होते, ज्योतीताईसुद्धा हल्ली फोनवर तेच म्हणते. मी ते म्हणणारही होते.

"जिंकलो असतो," मी म्हटलं.

काकूंच्या हातातली बशी वाजली. "असं काय बोलतेस गं बाई? आधीच यांना झोप नाही."

"बोलू दे तिला," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कितीने?"

"एक-शून्य, सर. तेवढाच राहिला असता."

त्यांनी डोळे मिटून थोडा विचार केला, आणि नाही अशी मान हलवली.

"दोन-शून्य," ते म्हणाले. "शेवटी त्या दमल्या असत्या."